धर्माजी मास्तरांचा चौथा आवाज

डोंगरीच्या शाळेत धर्माजी मास्तर नऊ वर्षं हंगामी होते. हंगाम आंब्याचा असतो, बोंबलाचा असतो; तो येतो आणि जातो. मास्तरांचा काही संपता संपेना. दर एप्रिलात त्यांना घरी बसवायचं आणि जूनमध्ये पुन्हा बोलवायचं, असा कारभार. त्यामुळे त्यांची बायको सरूबाई लग्नात आलेली ट्रंक पूर्ण रिकामी करायलाच तयार नव्हती. "कायमची ऑर्डर आली की काढीन भांडी," म्हणायची. दोन पातेली आणि चार ताटल्यांवर नऊ वर्षं संसार चालला होता. याला बिऱ्हाड म्हणायचं की मुक्काम, तुम्हीच सांगा.

मुख्याध्यापक तांबडे सर दरवर्षी सांगायचे, "यंदा तुमचं नक्की, मास्तर." यंदा म्हणजे कुठलं साल, ते मात्र कधी सांगत नसत.

त्र्याहत्तर साली दिवाळीच्या आसपास सरूबाईने शेजारच्या उत्तनहून सुके बोंबील आणले, ते एका इंग्रजी मासिकाच्या पानांत बांधलेले. मास्तरांनी बोंबील तसेच टोपलीत टाकले आणि पानं झटकून उन्हात वाळत घातली. पानांवर चिंपांझींचे फोटो होते आणि आफ्रिकेच्या जंगलात वर्षानुवर्षं बसून त्यांचे आवाज टिपणाऱ्या लोकांची हकिगत. मास्तरांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, डिक्शनरी अर्धी वाळवीने खाल्लेली. दोन पानं वाचायला तीन आठवडे लागले. पण गडी पेटला होता.

मग चौथीच्या वर्गात फळ्यावर चार आवाज लिहिले गेले. पहिली लांबची हाळी: हू हू हू करत चढत जायची आणि शेवटी झाडाच्या बुंध्यावर धबाधबा हात मारायचे. मी कोण आणि कुठं आहे, ते लांबच्यांना कळतं, आणि हाळीवरून ती घालणारा ओळखतात. दुसरा, खायला सापडलं की घशातून येणारी खुशीची घुरघुर. तिसरी, साप दिसला की इशारत. आणि चौथा आवाज लहानाने मोठ्यापुढे करायचा. पाठ वाकवायची आणि धापा टाकत हं-हं-हं-हं करायचं. "मोठा कधी लहानापुढे हा आवाज करत नाही," मास्तर सांगायचे, आणि स्वतः टेबलापुढे वाकून असे काही हं-हं करायचे, की पोरं हसून हसून बाकावरून खाली यायची.

उत्तनच्या कॅजिटन कोळ्याची विल्मा सगळ्यात हुशार. पहिला आवाज ऐकूनच ती म्हणाली, "मास्तर, यात शिकायचं काय हाय? माझा बाप होडीतनं हाळी घालतो, तवा आई किनाऱ्यावर चूल पेटवते. दुसऱ्याच्या हाळीला न्हाय पेटवत." मास्तरांना असा आनंद झाला, की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या जंगलातल्या लोकांना आपण कळवलं पाहिजे, असंही त्यांच्या मनात आलं. पत्ता असलेलं पान तेवढं बोंबलाच्या तेलात गेलं होतं.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. पोरं नदीकाठची शहरं विसरली आणि घरोघरी हू हू सुरू झालं. तांबडे सरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. "महिन्याभरात तपासणी आहे. साहेबांच्या शेऱ्यावर तुमची ऑर्डर अवलंबून आहे. त्या दिवशी माकडं नकोत. नद्या घ्या." मास्तरांनी निमूटपणे नद्या घेतल्या.

तपासणीच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. शहाळं झालं, तळलेलं पापलेट झालं, मग साहेब चौथीच्या दारात आले. एरवी पोरांवर डरकाळ्या फोडणारे तांबडे सर कमरेत वाकून मागे मागे येत होते. "हो साहेब, हं हं, बरोबर साहेब, हं-हं-हं."

चाळीस डोळे तांबडे सरांकडून मास्तरांकडे वळले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

विल्मा उभी राहिली. शिकवलेलं आठवलं की सांगायचं, एवढंच बिचारीला ठाऊक. "चौथा आवाज, साहेब."

झालं. नद्या राहिल्या बाजूला. साहेबांनी खोदून खोदून विचारलं आणि मास्तरांना सगळं सांगावं लागलं. पहिले तीन आवाज पोरांनी काढून दाखवले. साहेब खूश झाले. तांबडे सर घाम पुसत होते.

"आणि हा चौथा? तो कुणापुढे करतात म्हणालात?"

"मोठ्यापुढे, साहेब."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि पायावर पाय टाकून बसले. "मग या असे पुढे. होऊन जाऊ दे."

मास्तरांना समोर साहेब दिसत नव्हते. त्यांना घरातली ट्रंक दिसत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर नुसतं वाकायचं होतं. ते पुढे गेले, वाकले आणि हं-हं-हं केलं. साहेब पोट धरून हसले. साहेब हसले म्हणून तांबडे सर हसले. पोरं मात्र कुणी हसली नाहीत. मास्तर बराच वेळ वाकलेलेच राहिले, कारण साहेबांचं हसणं संपेपर्यंत उठावं की नाही, ते त्यांना कळेना.

शेरा पडला: अध्यापनात नावीन्य. फेब्रुवारीत कायमची ऑर्डर आली. सरूबाईने ट्रंक रिकामी केली, हंडा-कळशी चिंचेने घासून फळीवर मांडली आणि एकटीच कितीतरी वेळ बघत बसली. नऊ वर्षांनी तिचं घर झालं होतं.

मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात गेले. पुडा दिसताच पोरांनी घशातून घुरघुर सुरू केली. मास्तर हसले. खुशीत होते. "शाब्बास, हा दुसरा. आता चौथा कोण करून दाखवतंय?"

पोरं विल्माकडे बघायला लागली. शेवटी विल्मा उठली.

"आमाला येत न्हाय, मास्तर. तुम्ही आदी करायचात तो खोटा होता, म्हणून आमी हसायचो. साहेबापुढं केलात तो खरा होता."

ती चिडवत नव्हती. बापाची हाळी ओळखावी, तसा तिने आवाज ओळखला होता. मास्तरांनी पेढे वाटले, प्रत्येकाच्या हातावर एक एक. मग फळ्याकडे वळून चौथी ओळ बाहीनेच पुसून टाकली.

पुढे प्रत्येक चौथीला त्यांनी चिंपांझी शिकवला. पण डोंगरीच्या चिंपांझीला तीनच आवाज राहिले.