हातमोज्याला लागलेलं कुंकू

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये 'ताई, घराची शांत करून घ्या' वगैरे नको. मी असलं काही मानत नाही. पुण्यात कॉलेजला असताना करणी-भानामतीविरुद्धची पत्रकं मीच लिहायचे, मीच चौकात उभी राहून वाटायचे. पण घडलेलं दडवणं हीसुद्धा एक बुवाबाजीच. म्हणून लिहितेय.

मी ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला असते, हॉस्पिटलात फिजिओ आहे. सोन्याच्या खाणीचं गाव, पर्थ म्हणजे विमान नाहीतर दिवसभर ड्रायव्हिंग. इथे एक जुना हॉल आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडन गाजवलेला एक नट दौऱ्यावर इथे आला आणि तापाने आडवा पडला (नाव देत नाही, वकिलांच्या नोटिसा नकोत). खानावळवाल्या बाईने त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. पुढे मरेपर्यंत तो तिला पत्रं लिहीत राहिला. कुणाचीही चिठ्ठी येवो, उत्तर स्वतःच्या हाताने द्यायचं, हा त्याचा बाणा. ती सगळी पत्रं हॉलच्या मेकअप रूममध्ये, पत्र्याच्या पेटीत.

आणि हॉलच्या कमिटीने ती परदेशातल्या एका धनाढ्य माणसाला विकायला काढली! गावाला न विचारता! त्याच्या तिजोरीत गेली की संपलं, पुन्हा कुणाच्या नजरेला पडायची नाहीत.

माझं डोकं सणकलं. मी आणि हेलनने मोहीम उघडली. हेलन म्हणजे हॉलची जुनी व्हॉलंटियर, पेटीची किल्ली तिच्याकडे. रविवारी दुपारी जाहीर वाचन ठरवलं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत घोषणा टाकली: सगळी पत्रं, सगळ्यांसमोर. प्रत्येक पत्राचा फोटो मी स्वतः काढला होता.

छापलेली पत्रकं घेऊन घरी आले तर शेजारच्या सुलभाकाकू कुंकवाची कोयरी घेऊन हजर.

"काकू, हे लग्न नाही. आंदोलन आहे."

"मग आंदोलनाला माणसं नकोत का तुझ्या? पहिली पत्रिका देवाला. दुसरी ज्याचं कार्य, त्याला."

"तो मेलाय, काकू."

"मग काय झालं? न बोलावता त्याची पत्रं चारचौघांत वाचणार? हीच का तुमची लोकशाही?"

काकूंनी दोन पत्रकांच्या कोपऱ्यांना ओलं कुंकू लावलं. एक त्यांच्या गणपतीपुढे ठेवलं. दुसरं लगेच हॉलवर नेऊन हेलनच्या देखत पेटीत ठेवलं, हात जोडले. हेलनला वाटलं, नुसतं पत्रक ठेवतायत. ती म्हणाली, "नो वरीज, लव्ह." पेटीला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पर्थला गेल्या.

रविवारी दुपारी वाचनाआधी आम्ही पेटी उघडली. पत्रक नव्हतं... तिथे एक घडी घातलेला कागद. पिवळा पडलेला. अक्षर त्याचं, सही त्याची. हेलन मोठ्याने वाचू लागली. मराठीत सांगते:

"बाईसाहेब, निमंत्रण पोचलं. येतो. पाय दुखतो, दाराजवळची खुर्ची ठेवावी. आपल्या कागदाच्या कोपऱ्यातला लाल रंग अजून ओला होता, माझ्या हातमोज्याला लागला. तक्रार नाही."

हेलनने मान वर केली. "कसला लाल रंग, मेट?"

मी कागद हातात घेतला. कागदाच्या कडेला बोटाचा पुसट लाल ठसा होता... मी फोनमधले फोटो पुन्हा पुन्हा चाळले. हे पत्र त्यांत नव्हतंच.

सगळं सांगितल्यावर हेलन पहिलं काय म्हणाली असेल? "लपव ते. खोटं म्हणतील. एक खोटं म्हटलं की सगळीच खोटी. आपण मेलो."

बरोबर होतं तिचं. बाहेर हॉल भरला होता, पहिल्या रांगेत कमिटीवाले. पण पत्रकावर मी काय छापलं होतं? सगळी पत्रं. गैरसोयीचं सोडून सगळी, असं नाही. मी स्टेजवर गेले आणि तेही वाचलं. पेटीत काय ठेवलं होतं आणि काय सापडलं, तेही जसंच्या तसं सांगितलं. लोक हसले. कमिटीच्या अध्यक्षाने ओरडून विचारलं, "आता भुतं पण सह्या करतात का?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "तुम्ही विकता, ते मला माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात त्या परदेशी गिऱ्हाइकाने अंग काढून घेतलं. संशयास्पद पत्र असलेला गठ्ठा त्याला नको होता. दुसरं कुणी हात लावेना. शेवटी कमिटीने पेटी गावच्या लायब्ररीला देऊन टाकली. ज्या कागदाने आम्ही बुडणार होतो, त्यानेच पत्रं गावात राहिली.

कुणी केलं? काकूंना विचारलं तर म्हणतात, "मला इंग्रजी सही तरी धड येते का?" हेलनवर मी संशय घेतला, भांडलेसुद्धा, पण तिला कुंकू म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. लायब्ररीवाली म्हणते, कागद जुना आहे. त्यापुढे तिलाही सांगता येत नाही. मला तर नाहीच.

पुढच्या वाचनाची पत्रकं कालच छापून आली. काकू कोयरी घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "या वेळी जरा वाळू दे गं. त्याचे मोजे खराब होतात."

मी अजूनही मानत नाही. पण पत्रक पंख्याखाली धरलं, कुंकू पूर्ण वाळेपर्यंत. आणि खाली पेनने लिहिलं: दाराजवळची खुर्ची राखून ठेवली आहे.