शिवडा आणि रविवारची डाळ

नील, ईशा, आजोबा गेले तेव्हा तुम्हाला मिनेसोटाहून वेळेवर निघता आलं नाही, त्याबद्दल इथे कुणाच्या मनात काही नाही. पण परवा फोनवर नील, तू विचारलंस, "आजी, शेवटी आजोबांना तो मासा मिळाला का?" आणि मी "सांगते नंतर" म्हणून विषय बदलला. ते एका शब्दात सांगण्यासारखं नव्हतं. आता घरातली पाहुण्यांची ये-जा थांबली आहे आणि सगळं नीट आठवतंही आहे, म्हणून लिहिते.

आपल्या शहापूरजवळचं भातसा धरण तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. त्या पाण्यात शिवडा असतो. लांब, बिनखवल्यांचा, रुंद तोंडाचा मासा. लहान मासळी गिळून वाढतो. नील, तुझ्या हातातल्या मस्कीचा, तुमच्याकडच्या त्या मोठ्या शिकारी माशाचा, फोटो पाहून आजोबा म्हणाले होते, "ह्यो तर आपल्या शिवड्याचा पावना दिसतोय." दोघांची रीत एकच असावी. दिवसभर गळ टाका, तो दिसतसुद्धा नाही. येतो तो होडीच्या अगदी कडेला, आणि तोवर माणसाने कंटाळून गळ वर उचललेला असतो. आजोबांचं तसंच झालं. त्यांचं शेतीच्या औजारांचं दुकान रविवारी बंद असे. त्या दिवशी ते धरणावर मासेमारी करणाऱ्या गणपतच्या होडीतून पाण्यावर जात. अशाच एका रविवारी भला मोठा शिवडा गळामागून होडीपर्यंत आला, आजोबांनी घाईने गळ उचलला, माशाने झडप घातली आणि दोरी तोडून तो खाली गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी म्हसा गावची जत्रा होती. जत्रेला आम्ही नेहमी मुरबाडला, आजोबांच्या मोठ्या बहिणीकडे उतरायचो. तुमची आत्याआजी ती. जेवताना आजोबांनी त्या शिवड्याची लांबी हात पसरून दाखवली, आणि पानात माशाचं कालवण वाढता वाढता आत्या म्हणाली, "बाला, तू निस्ता पानी बघून येतोस. मासा आमीच इकत आणून तुला घालायचा." सगळे हसले. आजोबाही हसले, पण कालवणाची वाटी त्यांनी पुढे सरकवली. "त्या शिवड्याला माज्या हातानं काढीन, त्या दिवशी खाईन. तवर मासा नाय." आठवडाभर टिकेल, असं मला वाटलं होतं.

ते शेवटपर्यंत टिकलं. गंमत म्हणजे घरात मासे आणायचे तेच. कल्ला उचलून, डोळा बघून, ताजा तेवढाच घ्यायचे. आम्ही माशाचं कालवण जेवायचो, आणि त्यांच्यासाठी मी लहान पातेल्यात डाळ करायची. डाळभात कालवता कालवता ते विचारायचे, "डोकं कुणी घेतलं?" कुणी घेतलं ते कळल्याशिवाय त्यांचा घास पुढे सरकत नसे. पुढे त्यांचं हृदय थकलं, वजन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी अंडी, मासे खायला सांगितले. अंडी खाल्ली. माशावरून मात्र आमचं खरंच भांडण झालं. मी म्हणाले, "अहो, तो शिवडा आता म्हातारा होऊन मेलाही असेल." तर म्हणतात, "त्याचा पोरगा असंल. त्याच्याशी बोलू."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हातात गळ फेकण्याची ताकद उरली नव्हती. तरी जायचं होतंच. मग मी त्यांच्याबरोबर होडीत बसले. नील, तू तिकडून आमिष म्हणून पाठवलेली लाकडी मासळी गळाला होती. मी फेकायची, रीळ गुंडाळायची, आणि ते एकाच गोष्टीवर अडून बसायचे. गळ पाण्याबाहेर काढण्याआधी होडीच्या कडेला सावकाश एक वळसा द्यायचा. पहिला शिवडा ज्या घाईने गेला, त्या घाईवर त्यांनी शोधलेला हा उपाय. माझा हात दुखत होता, ऊन चढलं होतं. मी वळसा द्यायची टाळाटाळ केली की ते नुसते "मॅडम..." म्हणायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी मॅडमच. अशाच एका वळशात पाण्याखालून काहीतरी काळं आलं आणि काठी वाकली. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. गणपतने जाळीत घेतला तेव्हा कळलं, शिवडा माझ्या कमरेच्या वर येईल एवढा लांब होता.

गणपत म्हणाला, "काका, सुटलात. आता खावा."

"धरला कोनी? मॅडमनी," आजोबा म्हणाले. "मी बोललोय ते माज्या हाताचं."

मी म्हणाले, "रीळ तुमचं, गळ नातवाचा, होडी गणपतची. मी नुसती काठी धरली."

"निस्ती काठी धरायलाच तर मी इतकी वर्सं येतोय."

घरी येऊन त्यांनी स्वतः बसून तुकडे केले, शेजारी वाटे पाठवले, डोकं माझ्या पानात वाढायला लावलं आणि डाळभात घेऊन समोर बसले. "कसा लागतो?" मी सांगितलं, चव चांगली आहे, मांस जरा भरड आहे, किंचित चिखलाचा वास येतो. ते लक्ष देऊन ऐकत होते. इतकं समाधानी मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं आहे.

तेराव्यानंतर आपल्याकडे तिखटाचं जेवण होतं आणि गेलेल्या माणसाच्या नावाने पान वाढतात. आत्या मुरबाडहून मासे घेऊनच आली होती. म्हणाली, "मी बोलले म्हनून त्यानं सोडला गो. आता मीच सांगते, खाऊ दे त्याला." ती रडत होती. मी तिला जवळ बसवून सांगितलं की तुमच्या बोलण्याचा त्यांना राग नव्हता. मासा न खाण्याचा तो शब्द त्यांना आवडत होता, तो त्यांचाच होता. तो सोडवणारी मी कोण, आणि तुम्ही तरी कोण... मग आत्यानेच उठून त्या पानावर डाळ वाढली.

तर नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की आजोबांना तो मासा मिळाला नाही. काठी दाराआड उभी आहे, तुझी लाकडी मासळी अजून तिलाच अडकवलेली आहे. रविवारी मी बाजारातून मासे आणते, कल्ला उचलून बघते. कालवण करते, आणि लहान पातेल्यात डाळही करते. ती मी रात्री खाते.