कोपरमास्तरांच्या घरचा ओटा

सुतारकामात त्यांची उभी हयात गेली, पण गेली वीस वर्षं स्वयंपाकघरांखेरीज त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. लोक त्यांना कोपरमास्तर म्हणत. कुठल्याही घरी गेले की टेप काढण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे, "भाजी कोण चिरतं?" जो पुढं येईल त्याला भिंतीला टेकवून हात कोपरात वाकवायला लावायचे आणि कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलीनं रेघ मारायचे. तीच ओट्याची उंची. एकदा घरमालक स्वतःच ऐटीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मास्तरांनी विचारलं, "साहेब, घरात सुरी कुठं असते?" साहेबांनी आत वळून बायकोला हाक मारली.

बाकी सल्ला मागावा लागत नसे. जड पातेली खालच्या खणात ठेवा, रोजची भांडी हाताशी. दिवा डोक्यामागं नको, आपलीच सावली सुरीवर पडते. सिंक आणि शेगडीच्या मधे हातभर जागा मोकळी सोडा, नाहीतर गरम भांडं हातात घेऊन नाचत बसाल. माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

स्वतःच्या घरी मात्र ओटा लग्नाच्या वर्षी केलेला, तोच होता. यंदा बायकोचा उजवा खांदा धरला. लेक भेटायला आली आणि म्हणाली, "आई, आता स्वयंपाकाला बाई लाव. बास झालं तुझं."

"माझ्या शेगडीपुढं दुसरं कुणी उभं राहायचं नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. महिन्यात खांदा सुधारला नाही तर बाई येणारच, अशी लेकीनं मुदत दिली.

मास्तर मनावर घेऊन कामाला लागले. पंधरा दिवसांत जुनं सगळं उखडलं. आवाज न करता मिटणारे खण केले, कोपऱ्यातल्या अंधाऱ्या कपाटात फिरती तबकडी बसवली, शेगडीवर दिवा दिला. माप घ्यायची गरजच नव्हती. दाराच्या चौकटीवर चौतीस वर्षांपूर्वीची पेन्सिलीची रेघ होती, नव्या नवरीच्या कोपराची. तिच्यावरून त्यांनी उंची धरली. शेवटच्या दिवशी वर दगड बसला तेव्हा मास्तर स्वतःवरच खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ओट्याखाली, दारामागं, बाल्कनीत काहीतरी शोधत होती.

"काय हरवलं?"

"माझी फळी. शेगडीपुढं असायची ती."

ती फळी मास्तरांना आठवली. कुठल्याशा कपाटाचा उरलेला तुकडा, मधोमध झिजलेला. फुटकी फरशी झाकायला ठेवला असेल असं समजून त्यांनी तो ढिगाऱ्याबरोबर फेकला होता.

"तिचं काय करायचीस?"

"उभी राहायचे तिच्यावर. वयानं पाठ वाकली, ओटा उंच पडतो ना मला."

"कधीपासून?"

"झाली सात-आठ वर्षं. शेगडीपुढं चालतं हो, सिंकपुढं ओढत न्यायची म्हणजे कंटाळा येतो. मग तशीच खांदे वर करून घासते."

मास्तरांनी चौकटीवरच्या रेघेकडे पाहिलं. नवा ओटा जुन्याच्या तंतोतंत उंचीचा होता. खांदाही त्याच उंचीनं धरला होता. लोकांच्या घरी त्यांनी कोपरांची शेकडो मापं घेतली होती.

"मग बोलली का नाहीस? तुझ्यासमोर काम चाललं होतं की पंधरा दिवस!"

"तुम्ही सगळ्यांना विचारता," ती म्हणाली. "म्हटलं, मलाही विचाराल."

मास्तरांना शरम वाटली, आणि ती लपवायलाही जागा नव्हती. त्यांनी दगड बसवणाऱ्याला फोन केला. कालच बसवलेला दगड उद्या काढायचाय, असं सांगितलं. तो हसला, तेही मुकाट ऐकून घेतलं. मग टेप बाजूला ठेवून बायकोसमोर उभे राहिले.

"भाजी कोण चिरतं?"

तिनं पाठ चौकटीला टेकली. दुखरा हात हळूहळू कोपरात वाकवला.

"अजून तरी मीच," ती म्हणाली.

मास्तरांनी चार बोटं धरली. जुन्या रेघेच्या दोन इंच खाली नवी रेघ आली.