स्थिर खर्चाचं उदाहरण

अण्णा एका खाजगी शाळेत कॉमर्सचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून त्यांनी आमच्या बैठकीत रविवारचा एक फुकट वर्ग काढला. धंदा करणाऱ्यांना धंद्यातले शब्द समजावून सांगायचे. शहागंजातले दोन-तीन दुकानदार, एक घड्याळं दुरुस्त करणारा, फुलंब्रीहून रोज खवा घेऊन येणारा एक शेतकरी अशी मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसायची. अण्णा शिकवायचे मात्र झकास. पुस्तकातली व्याख्या कधी वाचून दाखवायची नाही, उदाहरण द्यायचं ते घरातलंच. उलाढाल म्हणजे नळाला आलेलं सगळं पाणी, आणि नफा म्हणजे घरादाराच्या आंघोळी, धुणंभांडी उरकल्यावर हंड्यात उरलेलं. आठवड्याला एकदा नळ येणाऱ्या आमच्या शहरात हे कुणालाही लगेच पटायचं.

आणि स्थिर खर्चाला उदाहरण मी.

औरंगपुऱ्यात माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. दोन वर्षांत ते बंद पडलं. अण्णा सांगायचे, गिऱ्हाईक येवो न येवो, जागेचं भाडं चुकत नाही, मशीनवरच्या बाईचा पगार चुकत नाही. हा झाला स्थिर खर्च. तो न मोजता दुकान थाटलं की काय होतं, ते बघायला लांब जायला नको, आमचं कन्यारत्न आत चहा गाळतंय. मंडळी हसायची. त्यांच्या मनात पाप नव्हतं, पण माझी कानशिलं तापायची. पुढं पुढं तर बाजारात कुणी ओळखीचं दिसलं की मी ओढणी तोंडावर घेऊन गल्ली बदलायला लागले. घड्याळवाल्यानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, ताई, ते स्थिर खर्चाचं दुकान तुमचंच ना? बिचाऱ्यानं धडा पाठ केला होता.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्याच दोन वर्षांत आईचं हृदयाचं दुखणं निघालं. अण्णांची पेन्शन बेताची. डॉक्टर, तपासण्या, महिन्याच्या महिन्याला गोळ्या, सगळं माझ्या गल्ल्यातून जायचं. अस्तराचं कापड आणायला निघालेले पैसे वाटेतच औषधाच्या दुकानात रिकामे व्हायचे. जगाला हिशेब शिकवणाऱ्या अण्णांनी घरात कधी विचारलं नाही की ही औषधं येतात कुठून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! आणि आईला मी सांगून ठेवलं होतं की शाळेकडून उपचाराचे पैसे मिळतात. नवऱ्याच्या नोकरीनं आपल्याला जपलं, याचा तिला केवढा अभिमान होता. त्यासाठी मी तोंड शिवून बसले होते.

पण मला पुन्हा दुकान काढायचं होतं. वर्गातल्या अत्तरवाल्या चाचांचा शहागंजात एक छोटा गाळा रिकामा होता. हिय्या करून त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा पाजला, आईची चौकशी केली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "बेटी, बुरा मत मान. भाडं तुला झेपत नाय, हे सरच सांगतात ना दर इतवारी."

कप खाली ठेवून उठले. घरी पोचेपर्यंत लाजेची जागा संतापानं घेतली होती.

पुढच्या रविवारी अण्णांनी पुन्हा माझ्या दुकानाचा विषय काढला. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, एक शंका आहे. मालकानं गल्ल्यातून घरी नेलेले पैसे कोणत्या खर्चात धरायचे?"

त्यांचा चेहरा उजळला. लेकीनं पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता.

"कोणत्याच नाही. ती उचल. धंद्याचा खर्च वेगळा, मालकाची उचल वेगळी. उचल वाढत गेली की चांगला चालता धंदासुद्धा बसतो."

"मग माझं दुकान भाड्यानं नाही बसलं. आईच्या गोळ्यांच्या उचलीनं बसलं."

बैठकीत कुणी कप उचलेना.  अण्णा मान खाली घालून वर्गाला म्हणाले की, माझं उदाहरण चुकलं, तुम्ही ते विसरून जा. पुढं त्यांना शिकवता आलं नाही. जाताना चाचा हळूच म्हणाले, उद्या येऊन किल्ली घेऊन जा.

मला हवं ते सगळं मिळालं होतं. अण्णांना चार लोकांत खाली बघायला लावायचं होतं, तेही झालं. पण त्यांची ती वाकलेली मान बघून मला स्वतःचीच किळस आली. कप गोळा करताना लक्षात आलं की आईची खाट त्याच भिंतीला लागून आहे, मध्ये नुसता पडदा. रागाच्या भरात मला तेवढंही सुचलं नव्हतं.

आत गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"शाळा पैशे देती म्हणून साऱ्या गल्लीला सांगत बसले मी," ती म्हणाली. "तुजं दुकान मीच खाल्लं व्हय गं?"

मी नाही म्हटलं. तिनं वळून पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ्याची किल्ली घेऊन घरी आले, तर आई खाटेवर बसून सुरीनं गोळीचे दोन तुकडे करत होती. एक तुकडा तिनं परत पुडीत बांधला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आता अर्धीच पुरती मला."