तिसरा मजला, तिसरी तक्रार

आमचा बँड चालला जेमतेम अकरा महिने. किस्से मात्र अजून संपत नाहीत! दत्ता भेटला की दोन जुने निघतात आणि एखादा नवाच आठवतो. आता हसतो आम्ही. तेव्हा यातल्या एकाही प्रसंगात मला हसू आलं नव्हतं, कारण मी सतत घाबरलेला असायचो.

बँडचं नाव 'तिसरा मजला'. कोथरूडला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्रॅक्टिस, म्हणून. सलीम गाणी लिहायचा, गायचा आणि गिटार वाजवायचा. दत्ता ड्रम्सवर, मी बेसवर. मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सहा. आणि बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, रिटायर्ड आपटेकाका!

*

सोसायटीची तक्रारवही होती. एका फ्लॅटविरुद्ध तीन तक्रारी झाल्या की विषय थेट मीटिंगला. तिथे गेला की प्रॅक्टिस बंद, यात शंकाच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात आपटेकाकांनी लिहिलं, "मंगळवार, ५ ते ६. वरच्या मजल्यावरून भांडणाचा आवाज. पोलिसांना कळवावे काय?"

आईने घरातल्या सगळ्या गोधड्या ड्रम्सखाली अंथरल्या. शुक्रवारी आम्ही जीव मुठीत धरून वाजवलं. शनिवारी वहीत दुसरी तक्रार!

"भांडण नसून संगीत असल्याचे समजले. तक्रार कायम."

*

आता एकच उरली होती. म्हणून आम्ही दत्ताच्या घरी, लोणी काळभोरला जाऊन बघितलं. गोठ्याशेजारची खोली मोकळी होती. एक गाणं झालं आणि दत्ताचे वडील दारात येऊन उभे राहिले.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पर म्हशीनं पान्हा चोरला तर सांच्याला काय गानी प्यायाची व्हय?"

परत कोथरूड.

*

सलीमचं एक गाणं होतं, पेटीचं. त्याच्या वडिलांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान. तिथे कुणीतरी एक पेटी दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला परत आलंच नाही. त्या पेटीवरचं गाणं. सांगतो, ते गाणं गावभर वाजायला हवं होतं! पण रेकॉर्डिंगचं नाव काढलं की सलीम गिटार खोळीत भरायला लागायचा. "अजून तयार नाही रे," म्हणायचा. झालं, एक कॅसेटसुद्धा नाही.

एकदा त्याचे अब्बा न सांगता प्रॅक्टिसला आले. आता कान धरून नेणार, असंच आम्हाला वाटलं. ते डोळे मिटून पेटीचं गाणं ऐकत बसले, मग उठून माझ्यासमोर आले.

"बेटा, तुझी खालची तार उतरलीये," ते म्हणाले. "पहिल्यापासून अशीच वाजवतोयस?"

पहिल्यापासून अशीच वाजवत होतो!

*

एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला बोलावलं. सलीम स्टेजवर जाण्याआधी दोनदा ओकला. मग पूर्ण वेळ बुटांकडे बघून गायला, पण काय गायला! हॉल गप्प. लोकांना आवडलं की लोक झोपले, हे आम्हाला कळेना. खाली उतरलो तर संयोजक सर चहा घेऊन पुढे आले.

"आवाज उत्तम आहे हो तुमचा," ते सलीमला म्हणाले. "मग गाणी का नाही म्हणत?"

कौतुकाच्या जवळ जाणारं आमच्या वाट्याला आलेलं हे एकच वाक्य.

*

आपटेकाका जिन्यात भेटले की मी भिंतीला चिकटून वाट द्यायचो.

"शुक्रवारी आहे का?" ते विचारायचे.

"हो काका. हळू वाजवू."

"मी कुठे काय म्हणालो?"

यापेक्षा त्यांनी सरळ झापलं असतं तर बरं झालं असतं.

*

पुढे सलीमला मस्कतची नोकरी लागली. ते त्याने आम्हाला सांगितलं, पेटीच्या गाण्याच्या मधोमध. दुसरं कडवं संपलं आणि तो थांबला. "जायला लागणार रे," म्हणाला. दत्ताने काठ्या खाली ठेवल्या. तिसरं कडवं झालंच नाही. बँड संपला. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

तीनेक आठवड्यांनी सेक्रेटरींचा फोन आला. "खाली या. तुमच्याविरुद्ध तिसरी तक्रार आली आहे."

वाजवणारे उरले नव्हते, तरी जिना उतरताना मी माफीचं वाक्य पाठ करत होतो! सेक्रेटरींनी वही माझ्याकडे सरकवली. तेच आपटेकाकांचं टपोरं अक्षर.

"गेले तीन मंगळवार व तीन शुक्रवार वरून काहीही ऐकू आलेले नाही. पेटीचे गाणे दुसऱ्या कडव्यावर सोडले आहे. कमिटीने लक्ष घालावे."