चैन न पडणारी बॅच

आमच्या क्लासच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर एका शनिवारी जिना चढून वर आले आणि चप्पल न काढता दारातूनच मला म्हणाले, "अहो, ही मुलं 'मी करू शकतो, मी करू शकतो' म्हणून ओरडतायत, ती नक्की काय करणार आहेत? नाही म्हणजे, माझ्या हातात ड्रिल आहे आणि खुर्चीत माणूस आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, मोटिव्हेशन चालू आहे."

"मग ते बसून करता येत नाही का?"

येत नव्हतं. कारण मी बोलावलेल्या पाहुण्या वक्त्यांनी मुलांना बाकांवर उभं केलं होतं. स्वतः ते माझ्या टेबलावर उभे होते. त्या टेबलाचा एक पाय पहिल्यापासून आखूड आहे, त्यामुळे आत्मविश्वासावर बोलताना ते सारखे पंख्याच्या दांड्याकडे बघत होते.

सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर मी सहा महिन्यांचा कोर्स चालवतो. हॉस्पिटलच्या काउंटरवर बसायचं, चिडलेल्या नातेवाइकांशी गोड बोलायचं, फोन हसऱ्या आवाजात उचलायचा, वगैरे. गोड बोलायचा क्लास, आणि तोही सदाशिव पेठेत! यावर होण्यासारखे सगळे विनोद होऊन गेले आहेत. त्यातले बरेचसे माझ्या बायकोने केले. क्लासचं ऑफिस ती बघते आणि आल्यागेल्याला फी इतक्या कोरडेपणाने सांगते, की लोकांना वाटतं हा कोर्सचाच भाग असावा.

तर ती बॅच पार खचली होती. मुलं मुलाखतीला जायची आणि तशीच परत यायची. एकाने तर बाकावर डोकं टेकवूनच सांगितलं, "सर, फुल डिमोटिव्हेट झालोय. आता तुम्ही बोलू नका, अजून होईल."

मी ठरवलं, बाहेरून मोटिव्हेशन मागवायचं. पाण्याचा टँकर मागवतात तसं.

"शिकवताय तेच एकदा नीट तपासून बघा की," बायको म्हणाली.

बायकोच्या सूचना मी नेहमी गंभीरपणे ऐकतो. तेवढंच करतो.

बाकांवर उभं करणाऱ्यांनंतर मी माझ्या आतेभावाच्या मुलाला बोलावलं. तो हिंजवडीत मोठ्या पगारावर आहे. ट्रॅफिकमधून तो पोचला तेव्हा अर्धा वर्ग पीएमपीची बस पकडून घरी गेला होता. उरलेल्यांना त्याने सांगितलं, की नोकरीत काही राम नाही, आपल्याला ही नोकरी सोडून गोव्याला कॅफे काढायचाय. मागून एकाने हात वर केला. "दादा, सोडणार कधी? म्हणजे त्या जागेसाठी अप्लाय करतो."

या सगळ्यात येरवड्याहून येणारी एक मुलगी हसत नव्हती. एरवी वर्गात पहिली हसणारी तीच. मी तिला थांबवून विचारलं. ती म्हणाली, "सर, घरी सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत नोकरी नाही लागली तर चाचांच्या चपलांच्या दुकानात बसायचं."

"चपलांचं दुकान वाईट नाही," मी म्हटलं. धीर द्यायचा माझा हा प्रयत्न होता.

"चपला वाईट नाहीत सर. पण चाचा गिऱ्हाइकावर ओरडतात आणि गिऱ्हाईक माझ्यावर. दिवसभर ओरडणंच ऐकायचं तर हॉस्पिटलात बसून ऐकीन. तिथे ओरडायला निदान कारण तरी असतं."

एवढं बोलणारी मुलगी मुलाखतीत नापास का होते, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मला पडला नाही. मला प्रश्न पडला तो पुढचा पाहुणा कोण, हा.

आणि मग मला ती कल्पना सुचली, जिचा मला दोन दिवस फार अभिमान होता. टेबलावर चढणारे आणि गोव्याला जाणारे कशाला? जे नोकरी देतात त्यांनाच बोलवावं! बायकोच्या मावसबहिणीच्या ओळखीतून एका मोठ्या हॉस्पिटलात माणसं निवडणाऱ्या मॅडम मिळाल्या. सज्जन बाई. वेळेवर आल्या, चप्पल काढून आत आल्या.

त्या आत येताच वर्गात चिडीचूप शांतता झाली. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव!

मी परिचय करून द्यायला उभा राहिलो. परिचय हा माझा खास प्रांत. पाहुण्यांना स्वतःबद्दल माहीत नसलेल्या गोष्टीही मी त्यात सांगतो. "आज आपल्यामध्ये अशा मॅडम आहेत, ज्यांनी असंख्य तरुणांच्या आयुष्याला वळण दिलं…"

"आम्हाला पण दिलं सर," मागच्या बाकावरून आवाज आला. "गेटपासूनच."

वर्ग फुटला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मुलांकडे. पहिल्या बाकावरचा सालस मुलगा उभा राहिला. "मॅडम, तुम्ही मला रिजेक्ट केलंय."

"मला पण मॅडम."

"मला दोनदा."

अशा वेळी शहाणा माणूस चहा मागवतो. मी विचारलं, "अजून कोणा-कोणाला?"

हात वर होत गेले. दोघांचे तेवढे झाले नाहीत. ते मुलाखतीच्या दिवशी आजारी होते.

मुलं कुठे-कुठे जाऊन आली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. नापास झालेल्या मुलाखतीबद्दल बोलायचं नाही, त्याने मन खचतं, असा मीच वर्गाचा नियम केला होता. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "वा! म्हणजे ओळख आधीचीच आहे!"

मॅडमनी मुलांकडे नीट निरखून बघितलं. ओळखीची खूण चेहऱ्यावर नव्हती. मग एकदम काहीतरी लक्षात आल्यासारखं झालं आणि त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "तुमची सर्वांत मोठी कमजोरी कोणती?"

तो ताठ झाला. "माझी सर्वांत मोठी कमजोरी म्हणजे, हाती घेतलेलं काम पूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"आणि तुमची?" शेजारच्या मुलीला.

"माझी सर्वांत मोठी कमजोरी म्हणजे…" तिने सुरुवात केली आणि पुढचं सगळ्या वर्गाने म्हटलं. एका सुरात. कुठेही अडखळणं नाही. काय सांगू, मला क्षणभर अभिमानच वाटला.

"अच्छा, ते तुम्ही का!" मॅडम माझ्याकडे वळल्या. "आमच्या ऑफिसात या मुलांना आम्ही 'चैन न पडणारी बॅच' म्हणतो. पहिल्यांदा वाटलं, काय गुणी मुलगा आहे. मग दुसरा आला, तिसरी आली. इतक्या जणांना एकदम चैन पडेनासं झालं, की मला वाटलं, पेठेत कसलीतरी साथ आली आहे. आता ते वाक्य ऐकलं की आम्ही फाइल मिटतो."

"उत्तर तसं चांगलं आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"उत्तम आहे हो. एकदा."

बायको नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली. ट्रे तिने टेबलाच्या आखूड पायाच्या बाजूला ठेवला, आणि चारही कप माझ्या दिशेने कलले.

मॅडमची नजर त्या येरवड्याच्या मुलीवर थांबली. ती काही कोरसमध्ये सामील झाली नव्हती. "तुम्ही म्हटलं नाहीत ते. तुमची कमजोरी काय?"

ती उभी राहिली. "मॅडम, मी सांगितली तर नोकरी देणार आहात का?"

"आत्ता? आत्ता जागा नाहीये."

"मग फुकट कशाला सांगू?"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मॅडम हसत होत्या. खऱ्याखुऱ्या, पदराने चष्मा पुसावा लागेल इतक्या. "अगं, मग त्या दिवशी का नाही बोललीस अशी?"

"त्या दिवशी सरांच्या वहीतलं पाठ केलं होतं."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या क्लासच्या इतिहासात एवढं एकाग्र लक्ष मला पूर्वी मिळालं नव्हतं.

मॅडम पुढे तासभर बोलल्या. टेबलावर न चढता. शेवटी जाताना त्या मुलीला म्हणाल्या, "जागा निघाली की येऊन जा." ती म्हणाली, "महिनाअखेरच्या आत निघाली तर येते. नंतर तुम्ही दुकानात आलात तर चपला दाखवीन."

आता, दातांच्या दवाखान्याच्या दारावर गेले कित्येक दिवस एक पाटी होती: 'काउंटरसाठी माणूस पाहिजे. बोलता आले पाहिजे. पेशंट बोलत असताना गप्प बसता आल्यास प्राधान्य.' काउंटरवर बसायचं शिकणारी माझी सगळी मुलं रोज त्या पाटीसमोरून जिना चढत होती. मीही चढत होतो, हिंजवडीहून पाहुणे कधी पोचतील याची चिंता करत.

ती मुलगी त्या दिवशी उतरताना पाटीशी थांबली आणि आत गेली. पुढचा संवाद मला डॉक्टरांनीच ऐकवला.

"कुठे काम केलंय?"

"कुठेच नाही. वर क्लासला आहे."

"म्हणजे ओरडणाऱ्यांतली?"

"हो. मला ठेवलंत तर तेवढं बंद करीन."

डॉक्टर मला म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला हवं ते देतो म्हणालं. सोमवारपासून बोलावलं."

चाचा आठवडाभर रुसले होते म्हणे. मग त्यांची दाढ दुखायला लागली.

माणूस सुधारतो, असं मी पाहुण्यांच्या परिचयात नेहमी म्हणतो. पुढच्या बॅचला मी पुन्हा एक पाहुणे बोलावले. भारदस्त होते. विसाव्या मिनिटाला त्यांनी मुलांना उभं केलं, मुठी वळायला लावल्या आणि पहिली आरोळी उठते न उठते तोच दारात ती येऊन उभी राहिली. चप्पल न काढता.

"सर, खाली रूट कॅनाल चालू आहे. बसून करा."

पाहुणे बसले. मुलं बसली. मीही बसलो.

एका मुलीने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही याच क्लासच्या ना? तुम्हाला नोकरी कशी लागली?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "पेशंट गेला की सांगते. खाली या, पण एकेकटे. आणि येताना सरांची वही वरच ठेवा."