आमच्यात गौरी नसतात

मॅडमनी हातमोज्यांचं पाकीट टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. पांढरे, रबरी, दवाखान्यात असतात तसे.

"उद्यापासून रंगांच्या तासाला हे घालायचे. पेरेंट्सची रिक्वेस्ट आहे. हायजीन, बाकी काही नाही."

"सगळ्या टीचर्सनी?" मी विचारलं.

मॅडम म्हणजे पिंपळे सौदागरमधल्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सध्या फक्त तू."

फक्त मी. अंगाची लाही लाही झाली. शिवी दिली असती तर उलट शिवी तरी देता आली असती. हायजीनला काय देणार?

आदल्याच आठवड्यात इराच्या आजींनी मला फाटकाशी थांबवलं होतं. गौरी-गणपती जवळ आले होते. शाळेत आम्हाला नुसत्या नावानं हाक मारतात, पुढे टीचर. आडनाव पालकांना ठाऊक नसतं. आजींनी गोड हसून विचारलं, "टीचर, तुमच्यात उभ्या गौरी असतात, की खड्यांच्या?"

आपल्याकडे जात कुणी विचारत नाही. "तुमच्यात" म्हणतात आणि तुम्हालाच बोलायला लावतात. मी म्हटलं, "आमच्यात गौरी नसतात. आम्ही बौद्ध." आजींचं हसू तसंच राहिलं. फक्त नातीचा हात त्यांनी माझ्या हातातून सोडवून घेतला.

इरा पाच वर्षांची. घरी चुरूचुरू बोलायची, शाळेत एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले होते, धाक घालू नका, तिच्या कलानं घ्या. मी आर्ट थेरपीचा कोर्स केलेला, म्हणून तिला माझ्या वर्गात दिली. लोकांना वाटतं, मुलांना छान चित्र काढायला शिकवतात. तसं नसतं. शेजारी बसायचं, काही विचारायचं नाही. जे तोंडातून येत नाही ते हातातून येऊ द्यायचं. मी माझ्या तळव्याला रंग फासायची, कागदावर ठसा उमटवायची आणि हात तसाच उघडा ठेवायची. कित्येक दिवस ती नुसती बघत राहिली. मग एकदा तिनं आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाली, "गार."

शाळेतला तिचा पहिला शब्द. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग हळूहळू आणखी आले. ओलं. अजून. माझा.

आणि आता हे हातमोजे.

घरी वडिलांना सांगितलं. ते लातूरकडून आलेले, चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर आयुष्य गेलं. तिथं हातमोजे मागितले की सुपरवायझर हसायचा. दोन बोटं गेली, तेव्हा कुठं जोडी मिळाली. मला वाटलं, बाप पेटून उठेल. ते म्हणाले, "घाल की माय. हाताला काय व्हतंय? नोकरी गेली तर दुसरी कुटं मिळायलीय?"

त्यांच्या आवाजातली भीती मला मॅडमच्या बोलण्याहून जास्त लागली. त्यांना मशीनपासून वाचायला हातमोजे मिळाले नाहीत. मला मात्र न मागता मिळाले, लेकरं माझ्यापासून वाचावीत म्हणून.

मी घातले. काय करणार होते?

इरानं रबर बोटानं चाचपलं. टोक धरून ओढलं. मी काढेन म्हणून वाट बघितली. मी काढलं नाही. तेवढ्यात बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "टीचर, तुमचे हात घाण आहेत का?"

सगळा वर्ग माझ्या हातांकडे बघू लागला. इरानं आपले हात टेबलाखाली नेले.

या लेकरांना अजून कुणी काही शिकवलं नव्हतं. ते काम आता माझ्याकडून करवून घेत होते. हिला शिवू नये, हे मीच माझ्या हातांनी त्यांना शिकवत होते.

मी हातमोजे ओढून काढले. "नाही रे, स्वच्छ आहेत," म्हटलं. आणि सरळ ऑफिसात गेले.

मॅडम म्हणाल्या, "बरं, मग तू रंग कालव. मुलांचे हात दुसऱ्या टीचर धरतील."

"नाही."

"राजीनामा दे मग. सर्टिफिकेट चांगलं देईन."

"देणार नाही. तुम्ही काढा. आणि कारण हायजीन लिहू नका, जात लिहा."

पोलीस चौकीत गेले. हवालदारानं विचारलं, "ताई, जातीवरून शिवी दिली का? जातीचं नाव घेतलं का कुणी?" कुणीच घेतलं नव्हतं. तेवढी हुशारी सगळ्यांकडे आहे. त्यानं नुसता अर्ज ठेवून घेतला.

इराला दुसऱ्या वर्गात टाकलंय. ती पुन्हा गप्प झालीय. व्हरांड्यात दिसली की तिला घाईघाईनं पुढं नेतात. ती शाळेत परत कधी बोलेल का, मला माहीत नाही. त्या विचारानं जीव तुटतो. माझ्या भांडणाची किंमत ती पोर मोजतेय.

मला वर्ग नाही. स्टाफरूममध्ये नुसतं बसवून ठेवलंय. कंटाळून आपणहून जाईल, असं त्यांना वाटतं. वडील रोज म्हणतात, "मिटीव माय आता."

मी मिटवणार नाही. रोज वेळेवर जाते, सही करते, बसते. अर्ज दाबला तर दुसरा देईन, वरच्या साहेबांकडे जाईन. त्यांना मला काढावंच लागेल. आणि का काढलं, ते त्यांच्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही.